घर आणि वाचक : लॉफ्टमधली लोकर आणि वळचणीचा वारा

या महिन्यातली बहुतेक पत्रे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांची आहेत आणि त्यांचा विषय एकच आहे : उतरत्या छपराखालच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे खोल्यांचे छत आणि कौले यांमधल्या मोकळ्या जागेत, इन्सुलेशनची (उष्णता अडवणारी, काचेच्या तंतूंची) लोकर नीट कशी अंथरावी. सर्वांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्यामुळे त्यांतली चार पत्रे निवडली आहेत. पाचवे लातूरचे आहे, पण तेही याच विषयाला धरून आहे. वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो की, खालच्या खोलीचे छत ज्यांना ठोकलेले असते त्या आडव्या लाकडांना मी तुळया म्हटले आहे, कौले पेलणाऱ्या तिरप्या लाकडांना वासे, आणि छप्पर भिंतीच्या बाहेर जिथे उतरते त्या कडेला वळचण. तिकडच्या सुताराशी बोलताना इंग्रजी नावे लागतीलच, पण हे शब्द आपल्याकडे असताना इथे ते वापरायला हरकत नाही.

प्रश्न : आमचे लेस्टरमधले सेमी-डिटॅच्ड घर १९३० च्या दशकातले असून त्याची कौले १९८० च्या सुमारास बदललेली आहेत आणि कौलांखाली काळे डांबरी फेल्ट (पाणी अडवणारे जाड कापड) आहे. लॉफ्टमध्ये पूर्वी जेमतेम चार बोटे जाडीची जुनी लोकर होती. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी मिळून तिच्यावर नवी लोकर अंथरली आणि एकूण जाडी २७० मिलिमीटर केली. खोल्या खरोखरच उबदार राहू लागल्या. परंतु जानेवारीत वर गेलो तर फेल्टच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, खिळ्यांची टोके गंजली होती, आणि भारतातून आणलेल्या दोन सुटकेसींवर बुरशीचे हिरवे ठिपके पडले होते. छप्पर गळत नाही याची खात्री करून घेतली आहे. सांगलीहून आलेले माझे वडील म्हणतात की लोकर घालण्यापूर्वी हे नव्हते, तेव्हा ती काढून टाका. काय करावे? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : वडिलांचे निरीक्षण बरोबर आहे, उपाय मात्र करू नये. लोकर घातल्यामुळेच हे थेंब दिसू लागले, यात शंका नाही, पण दोष लोकरीचा नसून तिच्या कडांचा आणि तिच्याखालच्या भोकांचा आहे, आणि तो एकदोन शनिवार-रविवारांत दूर करता येण्यासारखा आहे.

पूर्वी लोकर पातळ होती तेव्हा खालच्या खोल्यांतली बरीच उष्णता छतातून वर झिरपत असे. तिच्यामुळे गॅसचे बिल वाढत होते, पण लॉफ्ट, वासे आणि फेल्टही थोडेफार कोमट राहत होते. आता ती उष्णता खालीच अडली आणि लॉफ्ट जवळजवळ बाहेरच्या हवेइतका थंड झाला. उष्णता अडली तरी बाष्प मात्र अडले नाही. वीस अंश तापमानाच्या खोलीतल्या एक घनमीटर हवेत साठ टक्के आर्द्रता धरली, तर सुमारे दहा ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. तीच हवा वर जाऊन पाच अंशांच्या फेल्टला टेकली की तिला सात ग्रॅमही पेलवत नाहीत, आणि उरलेले तीन-साडेतीन ग्रॅम तिथेच पाणी होऊन लटकतात. त्यातही लोखंडाचा खिळा बाहेरची थंडी सरळ आत आणतो, म्हणून पहिला थेंब नेहमी खिळ्याच्या टोकाला दिसतो. आपल्या पत्रातला गंजलेल्या टोकांचा उल्लेख वाचताच पुढचा मजकूर काय असणार याचा मला अंदाज आला होता.

यावरचा उपाय दुहेरी आहे : खालून वर जाणारी दमट हवा शक्य तितकी अडवायची, आणि तरीही जी जाईल तिला वाऱ्याबरोबर बाहेर पडू द्यायचे. आपल्या लॉफ्टमध्ये यांतली दुसरी बाजू बहुधा ऑक्टोबरातच बिघडली असावी. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आपण जाणताच; लॉफ्टमधला वारा मात्र उलट दिशेने, वळचणीतूनच आत शिरतो आणि समोरच्या वळचणीतून बाहेर पडतो. लोकर अंथरणारा माणूस भिंतीजवळ पोहोचला की वासे आणि तुळया यांमधल्या त्या अरुंद कोपऱ्यात थंडी शिरू नये म्हणून उरलेली लोकर प्रामाणिकपणे कोंबून बसवतो, आणि वाऱ्याची एकमेव वाट बंद होते.

एखाद्या स्वच्छ दिवशी दुपारी लॉफ्टमध्ये जाऊन आतला दिवा मालवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबा. वळचणीच्या कडेने बाहेरच्या उजेडाची बारीक रेघ दिसली तर वाट मोकळी आहे. काहीच दिसले नाही तर बहुधा ती बुजलेली आहे. अशा वेळी फळीवर आडवे होऊन, काठीच्या टोकाने किंवा हाताने कडेची लोकर आत ओढावी लागते. लोकरीचा वरचा पृष्ठभाग आणि फेल्ट यांच्यामध्ये निदान ५० मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, आणि ती पुन्हा बुजू नये म्हणून दोन वाशांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पन्हळीदार ट्रे सरकवून ठोकतात. तो बांधकाम साहित्याच्या दुकानात सहज मिळतो. लोकर मात्र बाहेरच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेली असावी. वारा मोकळा करायच्या नादात ती हातभर मागे ओढली, तर खालच्या खोलीच्या छताला भिंतीलगत थंड पट्टा राहतो आणि वरची बुरशी खाली येते.

उजेड दिसला नाही आणि लोकरही अडसर नसेल तर बाहेरून वळचणीखालची फळी पाहावी. अनेक घरांत जुनी लाकडी फळी काढून तिच्या जागी पांढऱ्या प्लॅस्टिकची बसवलेली असते आणि बसवणाऱ्याने तिला जाळीच ठेवलेली नसते. आपल्यासारख्या नेहमीच्या उताराच्या छपराला दोन्ही बाजूंच्या वळचणींना सलग १० मिलिमीटर रुंदीच्या फटीइतकी वाट हवी, असा तिकडचा दंडक आहे. ती जाळीच्या पट्टीने द्या किंवा फळीला ठरावीक अंतरावर गोल जाळ्या बसवून द्या. शिडीवर चढणे नको असेल तर फेल्टच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे आतून सरकवायच्या लहान प्लॅस्टिकच्या पाचरीही मिळतात. त्या वळचणीची जागा घेऊ शकत नाहीत, पण निम्मे काम करतात.

आता खालची भोके. थंडीच्या दिवशी एक उदबत्ती लावून वरच्या मजल्यावरच्या छताखाली फिरवा. दिव्याच्या बैठकीजवळ, छतातून वर जाणाऱ्या नळाच्या भोवती, आणि विशेषतः लॉफ्टमध्ये चढायच्या झडपेच्या चारही कडांशी ती धरून पाहा. धूर जिथे सरळ वर न जाता फटीत ओढला जाईल तिथून तुमच्या घरातली ऊब आणि बाष्प दोन्ही जात आहेत. छतातून मुरत जाणाऱ्या बाष्पापेक्षा अशा फटींतून हवेबरोबर जाणारे बाष्प कितीतरी अधिक असते, आणि तरीही लोक महागड्या लोकरीवर खर्च करतात व दोन पौंडांची सिलंटची नळी विसरतात. नळांभोवतीच्या फटी सिलंटने बुजवाव्यात. बॉयलरच्या धुराड्याभोवती मात्र फोम वापरू नये, तिथे उष्णता सोसणारे साहित्यच लागते. झडपेच्या चौकटीला रबरी पट्टी लावून दोन बोल्ट असे बसवावेत की झडप पट्टीवर दाबून बसेल, आणि तिच्या पाठीला लोकरीचा किंवा फोमचा जाड तुकडा चिकटवावा. मी पाहिलेल्या कित्येक लॉफ्टमध्ये चहूकडे फूटभर लोकर आणि मध्ये नुसती प्लायवूडची उघडी झडप होती.

न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा हवा कुठे सोडतो तेही पाहा. त्याची नळी लॉफ्टमध्येच उघडी सोडलेली असेल तर प्रत्येक अंघोळीची वाफ तुम्ही स्वतःच्या हाताने वर पाठवत आहात. ती नळी छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर न्यावी, तिच्यावर लोकरीचे आवरण चढवावे, आणि भिंतीतून नेत असाल तर तिला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे आत जमलेले पाणी पंख्यात परत येणार नाही. न्हाणीघरासाठी सेकंदाला १५ लिटर आणि शेगडीवरच्या हूडसाठी ३० लिटर हवा बाहेर टाकणारा पंखा हा तिथल्या नियमांतला किमान आकडा आहे. नुसती गाळून तीच हवा परत खोलीत सोडणारे हूड यात मोडत नाहीत. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या होतात, डाळ-भात उकळतो, शिवाय हिवाळाभर धुतलेले कपडे घरातच रेडिएटरवर वाळतात. त्यामुळे मराठी घरात हा पंखा शेजाऱ्याच्या घरापेक्षा जास्त वेळ चालू ठेवावा लागतो, हे मी विनोदाने म्हणत नाही.

हे सर्व झाले की ओल आपोआप कमी होईल. तोपर्यंत लोकर जिथे भिजली आहे तिथे ती उचलून वाळू द्यावी, कारण ओली लोकर उष्णता अडवत नाही. वाशांत स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतत असेल तर मात्र सुताराला बोलवावे. सुटकेसी खाली आणा.

प्रश्न : स्लाऊजवळ आमचे १९७० च्या दशकातले घर आहे. लॉफ्टमध्ये तुळयांच्या मधोमध पिवळी, बसलेली लोकर असून ती साधारण ७५ मिलिमीटर भरते. पाण्याची टाकी वरच आहे, वायरी लोकरीवर आणि लोकरीखाली कशाही पसरलेल्या आहेत, आणि गेल्या मालकाने न्हाणीघरात छतात बसवायचे सहा दिवे घेतले आहेत. हे काम स्वतः करावे असा विचार आहे. कोणत्या क्रमाने आणि किती करावे? – एक वाचक, स्लाऊ

उत्तर : स्वतः करण्यासारखे काम आहे, फक्त घाई करू नये. बिन-इन्सुलेशनच्या घरातली सुमारे पाव उष्णता छपरातून जाते असे तिकडे सर्वसाधारणपणे मानले जाते. तुमच्याकडे थोडी लोकर आधीच असल्यामुळे बचत त्या मानाने कमी होईल, पण होईल.

वर जाण्यापूर्वी एकदा बॅटरी घेऊन नुसते पाहून या. तुळयांमध्ये लोकरीऐवजी करड्या-सोनेरी, चकाकणाऱ्या बारीक खड्यांसारखा पदार्थ सुटा पसरलेला दिसला तर तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो आणि त्यातल्या काहींमध्ये ॲस्बेस्टॉस सापडते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या घरात जुन्या धुराड्याची करडी नळी किंवा पत्रा दिसला तरी त्याला हात न लावता नमुना तपासून घ्यावा. दुसरी गोष्ट वटवाघळांची. आढ्याखाली काळ्या लेंड्यांचा सडा दिसला तर एक चिमटीत धरून, अर्थात हातमोजा घालून, चुरगळून पाहा. उंदराची लेंडी कडक असते. वटवाघळाची किड्यांच्या पंखांनी भरलेली असते आणि भुकटी होऊन सुटते. भुकटी झाली तर काम थांबवावे, कारण १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याने तिथली सर्व वटवाघळे आणि त्यांची वसतिस्थाने संरक्षित आहेत. बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या हेल्पलाइनवर पुढचा सल्ला मिळतो.

जुनी लोकर कोरडी असेल आणि तिच्यात उंदरांची घाण नसेल तर ती काढू नका. ७५ मिलिमीटरची असेल तर आधी तिच्यावर पातळ थर देऊन तुळयांच्या माथ्याशी सपाट करा, आणि मग १७० मिलिमीटर जाडीचा दुसरा थर तुळयांना काटकोनात आडवा अंथरा. तुळया साधारण १०० मिलिमीटर उंच असतात, म्हणून १०० आणि १७० मिळून २७० हा आकडा येतो. आडव्या थराचा हेतू नुसती जाडी वाढवणे हा नाही. लाकूड लोकरीपेक्षा उष्णता जास्त वाहते, आणि दोन तुळयांमध्ये कितीही लोकर भरली तरी प्रत्येक तुळई ही उष्णतेची एक उघडी पट्टी राहते. आडवा थर ती झाकतो. 

तुळयांमधली लोकर घेताना दोन तुळयांच्या मध्यांतले अंतर मोजा. ते ४०० मिलिमीटर असेल तर ३८० रुंदीची पट्टी आणि ६०० असेल तर ५७० ची पट्टी घ्यावी. मोकळ्या जागेपेक्षा ती दोन-तीन सेंटिमीटर रुंद भरते आणि घट्ट बसते. बरेचसे रोल असे कापूनच येतात. रोलचे वेष्टन खाली हॉलमध्ये फोडू नका. दाबून गुंडाळलेली लोकर फोडताच फुगते आणि मग ती झडपेतून वर जात नाही. दूरच्या वळचणीपासून सुरुवात करून झडपेकडे मागे मागे येत जावे. दोन तुकड्यांची टोके एकमेकांना टेकलेली असावीत, ताणलेली नकोत आणि चेपलेली तर मुळीच नकोत, कारण उष्णता अडवते ती काचेच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा. वळचणीशी काय करायचे ते वरच्या उत्तरात आले आहे, ते आधी वाचावे.

पाय फक्त तुळयांवर ठेवा, आणि त्याहून चांगले म्हणजे निदान तीन तुळयांवर टेकेल अशी भक्कम फळी घेऊन तिच्यावर गुडघे टेका. तुळयांच्या मध्ये जे दिसते ते खालच्या खोलीचे छत आहे, आणि ते बारा-साडेबारा मिलिमीटरच्या प्लास्टरबोर्डचे असते. माझा स्वतःचा डावा पाय एकदा असाच गुडघ्यापर्यंत एका मित्राच्या बैठकीच्या खोलीत उतरला होता. खाली चहा घेत बसलेल्या त्याच्या आईने वर पाहून ‘अगोबाई, मोजा फाटलाय’ एवढेच म्हटले. तो बोर्ड बदलायला लोकरीपेक्षा जास्त खर्च आला. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि धुळीसाठीचा एफएफपी-२ दर्जाचा मास्क वापरावा, आणि ते कपडे इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

वायरी शक्य तितक्या लोकरीच्या वर उचलून घ्याव्यात, मात्र ओढून नव्हे. लोकरीत पुरलेल्या वायरीतली उष्णता बाहेर जात नाही आणि तिची विजेचा भार पेलण्याची क्षमता घटते. दिव्याच्या वायरीला हे सहसा चालून जाते, पण इलेक्ट्रिक शॉवरला जाणारी जाड वायर लोकरीखाली गाडायची वेळ येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावे. थर्माकोल किंवा पॉलिस्टायरीनचे तुकडे वायरीला टेकू देऊ नयेत, त्याने वायरीवरचे पीव्हीसी हळूहळू खराब होते. न्हाणीघरातल्या सहा दिव्यांचे बल्ब हॅलोजनचे असतील तर ते बदलून एलईडी करा, आणि बनवणाऱ्याने लोकरीखाली झाकायला परवानगी दिलेली नसेल तर प्रत्येक दिव्यावर त्यासाठीच मिळणारी अग्निरोधक टोपी ठेवून मग लोकर टाका. दिव्यांभोवती वीतभर मोकळी वर्तुळे सोडून देणारे लोक आहेत. अशी सहा वर्तुळे म्हणजे न्हाणीघराची वाफ वर सोडणाऱ्या सहा चिमण्या.

टाकीचा नियम नवख्याला उलटा वाटतो : टाकी थेट तुळयांवर बसलेली असेल तर तिच्याखाली लोकर घालायची नाही. लॉफ्ट आता थंडगार होणार आहे, आणि खालच्या खोलीतून वर येणारी थोडी ऊब टाकीला मिळाली तरच जानेवारीत तिच्यातले पाणी गोठण्यापासून वाचते. बाजूंना आणि झाकणावर मात्र जाड आवरण हवे. टाकीला झाकण नसेल तर बसवा. लॉफ्टमधल्या प्रत्येक नळावर, टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळावरसुद्धा, फोमच्या नळ्या चढवा. ही गोष्ट लोकर टाकल्यानंतर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. नळ फुटतात ते नेमके त्या आठवड्यात. घरात कॉम्बी बॉयलर (टाकीची गरज न लागता थेट नळाचे पाणी तापवणारा) आला असेल तर टाकी रिकामी पडूनच असण्याची शक्यता आहे. प्लंबरला विचारून ती काढूनच टाका.

पैशांबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रेट ब्रिटनमध्ये ठेकेदाराने साहित्य आणून बसवून दिले तर अशा कामावर ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य टक्के व्हॅट आहे. तेच साहित्य तुम्ही दुकानातून घेऊन स्वतः बसवले तर नेहमीचा वीस टक्के व्हॅट पडतो. त्यामुळे स्वतः करण्यात वाटते तेवढी बचत नसते, आणि दोन-तीन ठेकेदारांचे दर मागवून मगच ठरवावे.

प्रश्न : लोकरीवर प्लायवूड टाकून त्यावर सामान ठेवले तर चालेल का? घरात गणपतीची मखर, झोपाळा आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत. – एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : २७० मिलिमीटरची लोकर दाबून तुळयांवर फळ्या ठोकल्या तर ती १०० मिलिमीटर होते आणि तिची उष्णता अडवण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणजे अर्धी लोकर विकत घेऊन वाया घालवली. तुळयांवर प्लॅस्टिकचे किंवा लोखंडाचे पाय उभारून, लोकर पूर्ण फुगलेली राहील आणि तिच्यावर थोडी हवा खेळेल एवढ्या उंचीवर फळ्या बसवाव्यात. तेही सगळ्या लॉफ्टभर नको, झडपेभोवतीचा भाग पुरे.

वजनाचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. १९६० च्या दशकानंतरच्या घरांत बहुधा कारखान्यात बनलेल्या हलक्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, असतात आणि त्यांच्या खालच्या लाकडावर सामानाचा भार चौरस मीटरला साधारण २५ किलो एवढाच धरलेला असतो. मखर चालेल. झोपाळा सुटा करून, पसरून ठेवलात तर चालेल. दिवाळी अंकांचे एक खोके वीस किलोंचे सहज भरते, तेव्हा ते खालीच ठेवा आणि वाचा.

प्रश्न : एक विक्रेता दारावर येऊन सांगून गेला की लोकर जुनी झाली, आता वाशांवर फोमचा फवारा मारतात, एका दिवसात काम होते आणि छपरही पक्के होते. घ्यावे का? – एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : घेऊ नये. फोम वाशांना आणि फेल्टला कायमचा चिकटतो, त्यामागचे लाकूड ओले आहे की कुजले आहे हे नंतर कुणालाच पाहता येत नाही, आणि कौलातून पाणी आले तर ते आत अडकून राहते. याच कारणासाठी असे छप्पर असलेल्या घरावर कर्ज द्यायला अनेक बँका तयार होत नाहीत; घर विकायच्या वेळी खरेदीदाराचा सर्वेक्षक ते पाहताच थबकतो आणि मग फोम खरवडून काढायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. योग्य तपासणी करून, योग्य छपरावर मारलेला फोम चालतो असे म्हणणारे जाणकार आहेत, पण ते दारोदार फिरत नाहीत.

प्रश्न : आमचे लातूरला पत्र्याचे घर आहे आणि खाली प्लायवूडचे छत आहे. इंग्लंडमधला माझा भाऊ म्हणतो की त्या दोहोंच्या मध्ये फूटभर लोकर भर, म्हणजे मे महिन्यात घर थंड राहील. तिकडची पद्धत इकडे चालेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : लोकर दोन्ही दिशांनी उष्णता अडवते, त्यामुळे भावाचे म्हणणे तत्त्वतः खरे आहे, पण क्रम चुकला आहे. त्याच्याकडे उष्णता खालून वर निसटते. तुमच्याकडे दुपारी पत्रा एवढा तापतो की हात टेकवत नाही, आणि तो पत्रा निखाऱ्यासारखा खालच्या छतावर उष्णता फेकतो. म्हणून पहिला खर्च पत्र्याच्या वरच्या बाजूला करावा. चुना स्वस्त आहे, पण पत्र्यावर तो नीट धरत नाही आणि पावसात धुऊन जातो, तेव्हा दर उन्हाळ्याला लावायची तयारी असेल तरच लावा. नाहीतर पत्र्यासाठीचा पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. दुसरा खर्च हवेचा : पत्रा आणि प्लायवूड यांमधली तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी दोन्ही टोकांच्या भिंतींना वर जाळीचे झरोके पाडा.

एवढे करूनही उकाडा राहिला तर पत्र्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचे पापुद्रे असलेली शीट बसवता येते. तिची चकचकीत बाजू खाली असावी आणि तिच्याखाली निदान एक इंच हवा मोकळी असावी. प्लायवूडवर वर तोंड करून अंथरलेली शीट वर्षभरात धुळीने भरते आणि निकामी होते. लोकर त्यानंतर, आणि ती ५० ते १०० मिलिमीटर पुरे. मात्र आधी पत्र्याचे प्रत्येक बोल्ट आणि वॉशर तपासा, कारण जूनमध्ये एकदा गळून भिजलेली लोकर प्लायवूडवर ओल धरून बसते आणि प्लाय फुगते. थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून भरू नका. तो पेट घेतो, आणि वायरींबद्दल वर लिहिले आहेच.

घराचा एखादा जुना भाग माळवदाचा असेल, तर त्याला हात लावू नका. तुळयांवर किलचण (लाकडाच्या चिपांचा थर), तिच्यावर पाला आणि त्यावर वीत-दीड वीत पांढरी माती हे आपल्या भागातले छतच आहे. दुपारचे ऊन ती माती पिते आणि आतल्या माणसाला ते रात्री उशिरा जाणवते, तोवर तो गच्चीवर झोपायला गेलेला असतो. त्याची गळती दर वर्षी पावसाआधी माती टाकून आणि धुमसून बुजवावी लागते. ते करणारा माणूस गावात अजून मिळत असेल तर यंदा मे संपायच्या आत त्याला बोलवा.